फोटोतली सवत

फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंना माणसं तोंडापेक्षा चालीवरून लवकर ओळखू यायची. दवाखान्याच्या जिन्यावर पावलं वाजली की त्या आतूनच पुटपुटायच्या, "गुडघेआजोबा आले," नाहीतर "या, मानवाल्या मावशी." नावं त्यांच्या डोक्यात टिकायची नाहीत, दुखणी टिकायची. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोण पिशवी कुठल्या खांद्याला अडकवतं, सगळं पाठ.

घरी त्या आणि एक फोटोवाली अशा दोघी राहायच्या. चौदा वर्षं. जागा भाड्याने घेताना मालकीणबाईंनी विचारलं होतं, "मावसबहिणी का?" आणि डॉक्टरबाईंनी नुसती मान हलवली होती. त्या एका मान हलवण्यावर सगळी इमारत आजवर निभावली होती. जिन्यात कुणी भेटलं की विचारायचं, "काय, आज बहीण नाही बरोबर?" बाई म्हणायच्या, "कामावर गेलीय." फोटोवाली हसून पुढे जायची. तिला ते 'बहीण' कधीच आवडलं नाही, पण ती बाईंशी त्यावरून भांडली नव्हती.

फोटोवालीचं पोट शाळांच्या वर्गांचे आणि लग्नांचे फोटो काढून भरायचं. जीव मात्र दुसऱ्याच कामात होता. तीन वर्षं ती आपल्यासारख्या माणसांचे फोटो काढत होती, ज्याच्या त्याच्या घरात. बँकेतून निवृत्त झालेले दोन काका होते. एक वर्तमानपत्र वाचतोय आणि दुसरा खाली बसून त्याच्या पायाची नखं कापतोय. जन्मभर मुलगा म्हणून वाढवलेली आणि आता हॉटेलात स्वागताला बसणारी एक उंच बाई होती, पहिल्यांदा मापाने शिवून घेतलेला ड्रेस घालून आरशापुढे उभी. एकटी राहणारी एक नर्स होती, तिच्या बाथरूममध्ये सात टूथब्रश. घरातून हाकललेलं कुणी ना कुणी तिच्याकडे उतरलेलं असायचंच. ही सगळी मंडळी दर रविवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जमायची आणि फोटोवालीला हमखास विचारायची, "आमची घरं झाली सगळी. तुझं घर कुठाय?"

तुझं घर कुठाय, याचं उत्तर डॉक्टरबाईंकडे होतं आणि ते एकच होतं. नाही.

"अगं, माझ्या हाताखाली बायका उघड्या पाठीने पडतात," त्या म्हणायच्या. "उद्या एखादीच्या मनात पाल चुकचुकली, की माझा हात औषधाचा राहणार नाही. मग काय करू? कोपऱ्यावर वजनकाटा घेऊन बसू?"

फोटोवालीने दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मग विचारणं सोडलं. एका सकाळी मात्र ती म्हणाली, "मग मी आपल्या स्वयंपाकघराचं दुसरंच काहीतरी करू का? तुझ्याशिवाय?"

"कर काय करायचं ते," बाई म्हणाल्या. त्या पलंगाखाली वाकून मोज्याचा दुसरा पाय शोधत होत्या.

एवढंच बोलणं झालं होतं. पुढे सगळं महाभारत घडलं ते या एवढ्यावरून.

प्रदर्शन ग्रंथालयाच्या वरच्या दालनात होतं. बाई गेल्या, मावसबहीण म्हणून. हातात संत्र्याच्या रसाचा पेला, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू. नखं कापणारे काका बघितले, टूथब्रश बघितले, मनातून अभिमानाने फुगल्या. आणि शेवटच्या भिंतीपाशी आल्या.

भिंतभर मोठा फोटो. पहिल्यांदा त्यांना आपलं स्वयंपाकघर ओळखूच आलं नाही, कारण इतकं आवरलेलं ते कधीच नसायचं. मग खिडकीच्या काचेतली चीर दिसली. मग ओट्यावरची किटली. आणि ओट्याला टेकून, बाईंच्या चौकड्यांच्या शर्टात, बाईंचा निळा कप दोन्ही तळव्यांत धरून, एक परकी बाई उभी. तिशीतली, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं. ते बटण बाईंनी स्वतः शिवलं होतं.

खाली पाटी: माझं घर.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या. शेजारी उभी असलेली एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "बघ ना, कशी बघतेय ती! कुणी आपल्याकडे असं बघायला हवं." आणि खरंच, त्या कुरळीची नजर अशी होती की पलीकडे कॅमेरा धरून जे कुणी उभं असेल त्याच्यासाठी ती जीव टाकेल.

मग बाईंना ती कुरळी प्रत्यक्षच दिसली. दालनाच्या मधोमध, लाल जॅकेटमध्ये, लोकांच्या घोळक्यात. एक पिकल्या केसांच्या काकू तिचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, "तुम्ही दोघी फार गोड दिसता गं." आणि कुरळी नाही म्हणाली नाही. "थँक्यू, काकू," म्हणाली आणि हसली.

बाईंनी रसाचा पेला खिडकीत ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तोंडं उघडली.

"माझा शर्ट," बाई म्हणाल्या.

"तू म्हणालीस, कर काय करायचं ते."

"मला वाटलं तू किटलीचा फोटो काढणार आहेस!"

"किटलीचा फोटो काढून 'माझं घर' लिहू? किटलीबरोबर चौदा वर्षं काढली मी?"

"म्हणून दुसरी आणून उभी केलीस? माझ्या जागी? माझा कप तिच्या हातात देऊन?"

फोटोवाली चहा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती. "तुझी जागा मोकळी होती, डॉक्टर," ती म्हणाली. "तूच मोकळी ठेवली होतीस."

 बाईंनी विषय बदलला. "मागच्या महिन्यात एका बुधवारी मी आले तेव्हा ओट्यावर दोन ताटल्या वाळत होत्या. त्याच दिवशी का?"

"असेल."

"जेवलीसुद्धा ती इथं?"

"अख्खी दुपार उभं केलं मी तिला. उपाशी पाठवू?"

बाई उठल्या आणि शर्ट धुवायला टाकला. स्वच्छ होता तरी. संध्याकाळी पुन्हा धुतला. निळा कप त्यांनी फडताळात सगळ्यात मागे सारला आणि पाहुण्यांच्या काचेच्या पेल्यातून चहा प्यायला लागल्या. पेल्याने बोटं भाजायची, पण कपाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. फोटोवालीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्यामुळे तर बाईंचा आणखी तीळपापड झाला.

मत्सर त्यांना नवा होता. चौदा वर्षांत फोटोवालीने शेकडो नवऱ्या नटलेल्या बघितल्या, नाटकवाल्या पोरींचे फोटो काढले, कधी मनात काही आलं नाही. आता दिवसभर आलं. कुणाची पाठ चोळताना आलं, भाजी चिरताना आलं. फोटोवालीचा फोन वाजला की बाईंचे कान टवकारायचे. त्यांना स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून आग कमी व्हायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तक्रार करायची कुणाकडे? जगाच्या लेखी त्या मावसबहीण. बहिणीच्या फोटोत कोण उभं राहिलं म्हणून कुठली मावसबहीण जळते?

चार दिवसांनी खांदावाल्या काकू आल्या. काकूंचा उजवा खांदा आखडला होता, हात खांद्याच्या वर जायचा नाही, पण जीभ मात्र मोकळी होती. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्र काढलं. "डॉक्टर, हे बघितलंत का? प्रदर्शन लागलंय म्हणे. बाईबाईच्या जोड्या आणि काय काय."

 याच दिवसाला तर बाई इतकी वर्षं घाबरत होत्या. "हं," त्या म्हणाल्या. "हात वर घ्या."

"मी म्हटलं हल्लीचं काहीतरी खूळ. पण ही पोरगी बघा हो. कसलं मायेनं बघतेय. आमच्या ह्यांच्याकडे मी लग्नाच्या दिवशीसुद्धा असं बघितलं नसेल." काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "ही आणि हिचा फोटो काढणारी, सुखी दिसतात बाई दोघी. असेनात का! आपल्याला काय करायचंय?"

बाईंनी काकूंचा हात धरून वर नेला, नेहमीपेक्षा दोन बोटं जास्तच.

"आई गं! डॉक्टर!"

"सॉरी," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते काकूंना दिसू नयेत म्हणून त्या शेकाच्या यंत्राकडे वळल्या. काकूंनी आशीर्वाद दिला होता. ज्या आशीर्वादाची आपल्या पेशंटकडून कधी आशाच केली नव्हती तो, आणि तो त्या कुरळीच्या पदरात पडला होता.

त्या दुपारी बाईंनी काकूंचं मागे राहिलेलं वर्तमानपत्र उलगडलं आणि फोटो नीट बघितला, पेशंटची पाठ बघतात तसा. आणि त्यांच्या लक्षात आलं की कुरळीचं सगळं वजन डाव्या पायावर आहे. उजवा गुडघा सैल, किंचित बाहेर. अशी उभी राहणारी बाई त्यांना चांगली ठाऊक होती. तरुणपणी त्या बर्फावरून घसरल्या होत्या आणि तेव्हापासून त्या स्वतः अशाच उभ्या राहायच्या.

"माझं उभं राहणंसुद्धा चोरलं," त्या मोठ्याने म्हणाल्या. दवाखान्यात कुणी नव्हतं ते बरं.

कुरळी काय करते, कुठे असते, हे फोटोवालीला विचारणं शक्य नव्हतं. पण बातमीतच एक ओळ होती: 'फोटोतली तरुणी मोटार चालवायला शिकवते.' गावात मोटार शिकवणाऱ्या बायका असून असून किती असणार? बाईंना गाडी येत नव्हती, शिकायची इच्छाही नव्हती. तरी त्यांनी फोन केला, नाव वेगळंच सांगितलं आणि शुक्रवारची वेळ घेतली.

गाडी छोटी, पांढरी, मागे-पुढे शिकाऊची पाटी लावलेली. कुरळी शेजारच्या सीटवर. तिच्याही पायाशी एक ब्रेक होता, शिकणाऱ्याने घोळ घातला तर दाबायला. बाई गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि कुरळीने काचेतून त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"बसा," ती म्हणाली. "आरसा नीट करा. डावा पाय क्लचवर. सावकाश सोडा."

बाईंनी सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. मागून भोंगे वाजायला लागले.

"पुन्हा," कुरळी म्हणाली. "आणि ताई, नाव खोटं सांगायची गरज नव्हती. मी तुम्हाला ओळखलंय."

"मी तुम्हाला कधी भेटलेले नाही."

"डाव्या पायावर भार देऊन उभ्या होतात. उजवा गुडघा सैल." कुरळीने हसू दाबलं. "माझा तो गुडघा दोन दिवस दुखत होता तुमच्यामुळे. किल्ली फिरवा, लोक शिव्या देतायत."

बाईंनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि गोगलगाईच्या चालीने एका रिकाम्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना बंद गोदामं, मध्ये लांबच लांब भिंत. बाईंनी समोर बघतच विचारलं, "माझ्यामुळे म्हणजे?"

"म्हणजे काय? अख्खी दुपार ती मला तुम्ही व्हायला शिकवत होती. 'कपाचा कान धरू नकोस, तिची बोटं गार पडतात, ती दोन्ही तळव्यांत धरते. गुडघा सैल सोड, तो तिचा पडलेला गुडघा आहे. हनुवटी वर. अगं, एवढी वर नाही, एवढी ती फक्त माझ्या आईचा फोन आला की करते.'"

बाईंच्या हातून चाक वळलं आणि गाडी भिंतीकडे निघाली. कुरळीने तिचा ब्रेक दाबला. दोघी पुढे हिंदकळल्या.

"इथंच थांबू या जरा," कुरळी म्हणाली. "शेवटी मी वैतागले. म्हटलं, अहो, मग तिलाच उभं करा ना इथं! तर ही म्हणाली, तिला दिसायचं नाहीये. मग म्हटलं, रिकामी खोली लावा. तर म्हणाली, ती नसलेल्या घराला माझं घर कसं म्हणू?"

 जे सगळ्यात टोचत होतं तेच बाईंच्या तोंडातून निघालं. "आणि ती नजर? तीसुद्धा तिनेच शिकवली?"

 कुरळीने खिडकीची काच खाली केली, वर केली.

"मी सात वर्षं एकीबरोबर राहिले, ताई. तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं मी चहात साखर घेते की नाही. आणि इथे ही बया तुमच्या बोटांचं सांगतेय, तुमच्या हनुवटीचं सांगतेय, कॅमेऱ्याआड उभी राहून, न थांबता. मी तुम्हाला बघितलेलं पण नव्हतं आणि मला तुमचा असा राग आला! राग पण नाही. जळफळाट झाला नुसता. मनात म्हटलं, कोण आहे ही महाराणी, जिला कुणी इतकं पाठ केलंय, आणि ती साधी फोटोत यायला तयार नाही? नेमकं तेव्हाच तिने बटण दाबलं." ती हसली. "लोक म्हणतात, काय प्रेमानं बघतेय. कसलं प्रेम आणि कसलं काय! जळत होते मी."

बाईंनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. कुरळीच्या नाकावर चष्म्याचे दोन खड्डे होते. फोटोसाठी चष्मा काढायला लावला असणार, कारण बाई चष्मा घालत नव्हत्या.

"मग प्रदर्शनातल्या त्या काकूंना थँक्यू का म्हणालात?" बाईंनी विचारलं. आग अजून पूर्ण विझली नव्हती.

"पाच मिनिटं बरं वाटलं म्हणून," कुरळी म्हणाली. "म्हणाल तर माफी मागते."

"नको." बाई म्हणाल्या, "जेवायला काय दिलं तिनं?"

"उकडलेली अंडी. आत कच्ची होती."

"तिला अंडी येतच नाहीत," बाई म्हणाल्या, आणि आपण ते किती मालकीच्या सुरात म्हणालो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

घरी आल्या तेव्हा फोटोवाली जमिनीवर बसून भिंगं पुसत होती. बाईंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "माझा काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फोटो. स्वयंपाकघरात. तोंड दिसेल असा."

फोटोवालीने भिंग खाली ठेवलं. "आणि तुझ्या पेशंट?"

"बघू."

"डॉक्टर, रागाच्या भरात नको. फोटो एकदा लागला की परत घेता येत नाही."

"रागाच्या भरातच करतेय. नाहीतर मी कधी करणारच नाही. उठ."

रविवारी उजेड चांगला होता तेव्हा काढला. बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. फोटोवालीने काढला, पुन्हा काढला, खिडकीचा पडदा सारला, पुन्हा काढला. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघत राहिली आणि तिचं तोंड असं झालं की बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"पासपोर्टला चालेल."

"म्हणजे वाईट आलाय."

"ताठ आलाय."

"तिचा ताठ नव्हता."

"नव्हता," फोटोवाली म्हणाली. कामाच्या बाबतीत तिला खोटं बोलता यायचं नाही. तिच्यातला हा गुण बाईंना एरवी आवडायचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाईंनी कप बाहेर काढला, दोन्ही तळव्यांत धरला. वजन डाव्या पायावर दिलं. गुडघा सैल सोडला. हनुवटी मोजून वर केली. फोटोवालीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"अगं, तू कुणासारखी उभी आहेस?"

"माझ्यासारखी!"

"नाही. तू तिच्यासारखी उभी आहेस. आणि ती तुझ्यासारखी उभी होती."

 बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते रडण्यात गेलं. फोटोवालीने कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्या वेळचा फोटो कुणी काढला नाही. काढला असता तर चांगला आला असता, असं फोटोवाली नंतर म्हणाली, पण तेव्हा तिचे हात मोकळे नव्हते.

आठवडाभर खटपट करून त्यातल्या त्यात एक निवडला. त्यात बाई 'झालं का?' असं विचारतायत, तोंड अर्धं उघडं, एक हात हललेला, कपाळावर आठी.

"हा ठीक आहे," फोटोवाली म्हणाली. "नुसता ठीक."

"हाच लाव. प्रदर्शन पुढच्या गावी जाईल तेव्हा. आणि तिचा काढ."

"तिचा नाही काढणार."

"का?"

"तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. तुला वाईट वाटतंय म्हणून मी चांगला फोटो उतरवायचा आणि 'नुसता ठीक' भिंतीवर लावायचा? उद्या पेशंटची नस चुकीची दाबशील तू, मला बरं वाटावं म्हणून?"

बाईंना हे पटलं. पटलं म्हणून आवडलं असं नाही. दोन दिवस अबोला. स्वयंपाकघरात नुसती भांडी बोलायची. तिसऱ्या दिवशी बाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "दोन्ही लाव. पण पाटी माझ्याखाली यायला हवी. 'माझं घर' माझ्याखाली. तिच्याखाली तुला हवं ते लिही."

फोटोवालीने थोडा विचार केला. "तिच्याखाली 'डॉक्टर नाही म्हणाल्या तेव्हा' असं लिहू?"

"लिही," बाई म्हणाल्या. "मी म्हणालेच होते."

पुढच्या गावचं प्रदर्शन एका जुन्या गोदामात भरलं, महिनाभर. वर्तमानपत्राने दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापले. व्हायचं ते झालं. मालकीणबाईंनी जिन्यात बाईंना गाठलं आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं," आणि पुढे काही न बोलता वर निघून गेल्या. जागा सोडा म्हणाल्या नाहीत. मानवाल्या मावशी यायच्या बंद झाल्या. आणखी एकीने तोंडावर सांगितलं, "डॉक्टर, मला यंत्राचाच शेक द्या, हात नको." बाईंनी यंत्राचा शेक दिला. ती गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या. ज्याची भीती होती ते घडलं होतं, आणि ते भीतीइतकंच वाईट होतं. फक्त ते दोन बायकांपुरतं होतं.

खांदावाल्या काकू मात्र ठरल्या दिवशी आल्या, पालथ्या पडल्या आणि उशीतूनच म्हणाल्या, "खरं सांगू का डॉक्टर? राग नका मानू. त्या पोरीचा जास्त चांगला आलाय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी बाई स्वतः गेल्या. मंडळी सगळी आली होती. नखंवाले काका आले होते, सात टूथब्रशवाली नर्स दोन नव्या पोरांना घेऊन आली होती. लाल जॅकेटमध्ये कुरळी होती, आणि हॉटेलातली उंच बाई तिला कॉफी आणून देत होती, साखर विचारून. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

बाई आपल्या फोटोपासून चार पावलं लांब उभ्या राहून माणसं बघत होत्या. माणसं कुरळीपाशी थांबायची, माना कलत्या करायची, उसासे टाकायची. मग बाईंच्या फोटोवरून नजर फिरवून दाराकडे जायची. एकजण थांबला, तो चपलेचा पट्टा नीट करायला. बाईंच्या छातीत पुन्हा ती जुनी ठिणगी पडली. आता त्यांना ती ओळखीची झाली होती.

काठी टेकत एक आजोबा आले, दोन्ही फोटो बघितले आणि फोटोवालीला म्हणाले, "ही पोरगी झकास. आणि ही रागावलेली बाई कोण हो?"

फोटोवालीने बाईंकडे बघितलं. विचारावं तसं बघितलं. बाईंनी मान हलवली.

"ही होय?" फोटोवाली म्हणाली. "ही आमची ही."

"अस्सं," आजोबा म्हणाले. "मग रागावणारच. आमची हीसुद्धा अशीच." आणि पुढच्या फोटोकडे गेले.

बाई फोटोवालीच्या जवळ सरकल्या. म्हणाल्या, "तिच्यावर दोन दिवे आहेत. माझ्यावर एकच."

"एकच पुरतो त्याला."

"दोन हवेत."

फोटोवालीने इकडे-तिकडे बघितलं, कोपऱ्यातली घडीची शिडी ओढून आणली आणि वर चढली. बाईंनी खालून दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. वरून दिवा करकरत वळला.

"झालं?"

"अजून थोडा इकडे," बाई म्हणाल्या. "अजून थोडा."